आडनाव घातलं की नोंदणी लागत नाही, हे अर्धंच खरं

प्रश्न: मी टेक्सासमध्ये फ्रिस्कोला राहते. ग्रीन कार्ड आहे. घरीच शिवलेल्या नऊवारी, मुलींची परकर-पोलकी आणि मुलांचे धोतर-उपरण्याचे तयार संच करून देते. आतापर्यंत ओळखीपाळखीत चाललं होतं. यंदा गणपतीच्या आधी ऑर्डरी वाढल्या आणि एका शाळेनं कार्यक्रमाच्या कपड्यांचा चेक 'सोनसळी' या माझ्या धंद्याच्या नावानं दिला. बँकेनं तो घेतला नाही, 'डीबीए घेऊन या' म्हणाले. एक वेबसाइट नोंदणीचे 199 डॉलर मागते आहे. मैत्रीण म्हणते, नावात आडनाव घाल, मग काहीच लागत नाही. सासरे पुण्याहून सांगतात, आधी शॉप ॲक्ट काढ. मैत्रीण सोबत काम करायलाही तयार आहे, पण तिचा व्हिसा एच-4 आहे, म्हणजे नवऱ्याच्या एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला, आणि ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, नाही. मी नेमकं काय करू? आणि एकदा नोंदणी झाली की 'सोनसळी' हे नाव माझंच ना?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बहुतेकांची गल्लत तिथेच होते. नाही, नोंदणी केली म्हणून नाव तुमचं होत नाही. बँकेनं मागितलेलं डीबीए ('डुइंग बिझनेस ॲज') म्हणजे स्वतःच्या नावाऐवजी धंद्यासाठी धारण केलेल्या नावाची, 'ॲझ्युम्ड नेम'ची, नोंद. टेक्सासमध्ये ही नोंदणी बिझनेस अँड कॉमर्स कोडच्या 71व्या प्रकरणाखाली होते. 'सोनसळी' या नावानं धंदा करणारी व्यक्ती कोण आणि ती राहते कुठे, हे लोकांना कळावं एवढाच तिचा हेतू. उद्या कोणाला तुमच्यावर दावा लावायचा झाला तर समन्स कोणाच्या दारात न्यायचं, ते त्या कागदावरून कळतं. काउंटी क्लार्क, म्हणजे तुमच्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) नोंदी ठेवणारा अधिकारी, कागद बघतो, फी घेतो आणि नोंद करतो. त्याच काउंटीत याच नावानं आधी कोणी नोंद केली असली, तरी तेवढ्यावरून तो तुमचा अर्ज परत करणार नाही. तुमच्यानंतर आलेल्यालाही तो अडवणार नाही.

म्हणून नावाचा शोध तुम्हालाच घ्यायचा आहे, आणि तो पैसे भरण्याआधी. चार ठिकाणी बघा. पहिलं, तुमच्या काउंटीच्या क्लार्कच्या साइटवरची ॲझ्युम्ड नेमची यादी. दुसरं, टेक्सास कंपट्रोलरच्या, म्हणजे राज्याच्या कर खात्याच्या, साइटवरचा करपात्र कंपन्यांचा शोध. तो फुकट आहे आणि एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी), कॉर्पोरेशन वगैरे त्यात सापडतात. तिसरं, फेडरल ट्रेडमार्क कार्यालयाचा शोध, तोही फुकट. चौथं म्हणजे साधं गूगल आणि इन्स्टाग्राम. आपल्या नावांच्या बाबतीत इथे एक काळजी जास्तीची घ्यावी लागते. अर्जावर नाव इंग्रजी लिपीतच जाणार आणि 'नऊवारी'चं स्पेलिंग लोक चार तऱ्हांनी करतात. 'सोनसळी'लाही शेवटी एल एक की दोन, आय की डबल ई, असे फाटे फुटतात. सगळी स्पेलिंगं टाकून बघा. कपड्यांच्याच धंद्यात एखाद्याचा ट्रेडमार्क आधीपासून असेल, तर काउंटीचा कागद हातात असूनही तो तुम्हाला नाव बदलायला लावू शकतो. स्पेलिंग एकदा ठरलं की अर्ज, बँक, बिल आणि इन्स्टाग्रामचं पान, सगळीकडे अक्षरन् अक्षर तेच ठेवा.

आता मैत्रिणीचं म्हणणं. एकट्या मालकाच्या धंद्याच्या नावात मालकाचं आडनाव असेल, तर ते 'धारण केलेलं' नाव ठरत नाही, इतकं खरं. तुमचं आडनाव जोशी आहे असं धरू. 'जोशी नऊवारी' किंवा 'स्मिता जोशी टेलरिंग' या नावांना नोंदणी लागत नाही, कारण 'नऊवारी' आणि 'टेलरिंग' हे शब्द फक्त काम काय ते सांगतात. पण 'जोशी अँड कंपनी', 'जोशी अँड सन्स', 'जोशी ब्रदर्स' यांना लागते, कारण मालक एकाहून जास्त आहेत असा त्यातून समज होतो. नुसतं 'स्मिताज' ठेवलंत तरी लागते, त्यात आडनावच नाही. आणि लग्नानंतर आडनाव बदललेलं असून धंद्याला माहेरचं आडनाव दिलंत, तर कायद्याच्या लेखी ते तुमचं आडनाव नव्हे, तेव्हा नोंदणी करायचीच. 'सोनसळी'त आडनावाचा पत्ताच नाही. तो प्रश्न तिथेच मिटला.

आडनाव घालून नोंदणी टाळण्यात फारसं काही वाचतही नाही. फी काउंटीनुसार साधारण 15 ते 25 डॉलर पडते आणि नोंद 10 वर्षांपर्यंत चालते. 199 डॉलर मागणारी वेबसाइट तुमच्या वतीनं हाच एक-दोन पानांचा फॉर्म भरणार आहे. वर सही आणि नोटरी तुम्हालाच करायची आहे.

सासऱ्यांचा सल्ला महाराष्ट्रापुरता रास्त आहे, पण टेक्सासमध्ये शॉप ॲक्टसारखं काही नाही. धंदा करायला सरसकट लागणारं असं लायसन्सही राज्य देत नाही. ठरावीक व्यवसायांना परवाने लागतात, शिवणकामाला नाही. मात्र फ्रिस्कोतली बरीच घरं एचओएमध्ये, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीत, येतात. त्यांच्या नियमांत घरच्या धंद्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून घ्या. घरात मशीन चालवण्याला सहसा कोणी हरकत घेत नाही. तक्रार होते ती दारात लागणाऱ्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांची आणि अंगणातल्या पाटीची.

अर्ज कुठे करायचा, हा फ्रिस्कोकरांसाठी खरोखरच अडचणीचा प्रश्न आहे. हे शहर कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंट्यांत पसरलं आहे. टपालाच्या पत्त्यात दोन्हीकडे फ्रिस्कोच लिहितात, त्यामुळे पत्त्यावरून काउंटी कळत नाही. घर स्वतःचं असेल तर प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर काउंटीचं नाव असतं. भाड्याचं असेल तर दोन्ही काउंट्यांच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (करासाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाच्या) साइटवर पत्ता टाकून बघा, ज्या यादीत सापडेल ती तुमची काउंटी. कॉलिनच्या क्लार्कचं मुख्य कार्यालय मॅकिनीला आहे, डेंटनचं डेंटन शहरात. कायदा म्हणतो, धंद्याची जागा ज्या काउंटीत, तिथे नोंद करा. तुमची जागा म्हणजे तुमचं घर. अर्व्हिंगला, म्हणजे डॅलस काउंटीत, दिवाळीच्या प्रदर्शनात दोन दिवस स्टॉल लावलात म्हणून तिथे वेगळी नोंद लागत नाही. उद्या तिथे गाळा भाड्यानं घेतलात, तर लागेल.

इंटरनेटवर शोधताना सेक्रेटरी ऑफ स्टेटचा, म्हणजे राज्यात कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाचा, फॉर्म 503 हमखास पुढे येतो. तो भरू नका. तो एलएलसी, कॉर्पोरेशन अशा नोंदवलेल्या संस्थांसाठी आहे आणि त्याची फी 25 डॉलर. एकट्या मालकानं भरला तर परत येतो. तुमचा फॉर्म काउंटी क्लार्कच्या साइटवर मिळेल.

फॉर्ममध्ये मोजकेच रकाने आहेत, पण चुकाही त्यातच होतात. धंद्याचं नाव एका फॉर्मवर एकच. 'सोनसळी' आणि 'सोनसळी किड्स' अशी दोन नावं हवी असतील तर दोन फॉर्म आणि दोनदा फी. नावापुढे 'एलएलसी' किंवा 'इन्क' लावू नका. ती संस्था तुम्ही स्थापन केलेली नाही. मुदतीच्या रकान्यात 10 वर्षं लिहा. धंद्याच्या प्रकारात सोल प्रोप्रायटरशिपवर (एकट्याच्या मालकीवर) खूण करा. मालकाचं नाव ड्रायव्हिंग लायसन्सवर जसं छापलंय, अगदी तसंच लिहा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं आणि पासपोर्टवर ते पहिल्या नावाला चिकटून येतं. लायसन्सवर ते 'स्मिता राजेश' असं एकत्र असेल आणि फॉर्मवर तुम्ही नुसतं 'स्मिता' लिहिलंत, तर बँकेतला माणूस तुम्हाला परत पाठवू शकतो. राहत्या घराचा पत्ता मात्र द्यावाच लागतो. ही नोंद सार्वजनिक असते, म्हणजे तो पत्ता कोणालाही बघता येतो. ते पटत नसेल तर घरच्या पत्त्याऐवजी पोस्टाची पेटी लिहिणं हा उपाय नव्हे, कायदा राहता पत्ताच मागतो.

सही घरी करून नेऊ नका. ती नोटरीसमोरच केलेली बरी, आधी केलेली सही दिसली की नोटरी नवा फॉर्म मागू शकतो. ओळख म्हणून टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स न्या. भारतीय पासपोर्ट इथे चालत नाही, टेक्सासच्या नोटरीला परदेशी पासपोर्ट राहत्या घराच्या व्यवहारातल्या कागदांपुरताच घेता येतो. बऱ्याच बँका आपल्या खातेदारांना नोटरी फुकट करून देतात. काउंटीच्या खिडकीवर स्वतः जाणार असाल, तर तिथल्या कर्मचाऱ्यासमोरच सही करता येईल का, ते आधी फोन करून विचारा. बहुतेक ठिकाणी येते, आणि मग नोटरीची फेरी वाचते. टपालानं पाठवायचं झालं तर नोटरी आधी करून घ्या. नोंद करतानाच काउंटीकडून एक-दोन प्रमाणित प्रती मागून घ्या. थोडे पैसे वरचे जातात, पण बँकेला साधी झेरॉक्स चालत नाही आणि एका प्रतीसाठी पुन्हा मॅकिनीला जाणं जिवावर येतं.

वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची गरज नाही. कॅलिफोर्नियातल्या नातेवाइकांनी तसं सांगितलं असेल तर तेही चूक नाहीत. त्यांच्याकडे चार आठवडे, दर आठवड्याला एकदा, छापावं लागतं आणि नोंद 5 वर्षांनी संपते. टेक्सासचा कायदा या बाबतीत सुटसुटीत आहे.

नोंदणी न करता असंच चालू ठेवलं तर? तुम्ही केलेले सौदे त्यामुळे रद्द होत नाहीत. पण एखाद्या गिऱ्हाइकानं 12 साड्या शिवून घेतल्या आणि पैसे बुडवले, तर नोंदणी होईपर्यंत त्या सौद्यावरून तुम्हाला टेक्सासच्या कोर्टात दावा चालवता येत नाही. उलट कोणी तुमच्यावर दावा केला आणि 'सोनसळी' म्हणजे नक्की कोण, हे शोधायला त्याला खर्च आला, तर तो खर्च कोर्ट तुमच्या माथी मारू शकतं. मुद्दाम टाळाटाळ केली तर तो क्लास ए मिसडिमीनर, म्हणजे फौजदारी गुन्हा आहे. घरगुती धंद्यावर असे खटले उठसूट होत नसतात. पण ग्रीन कार्डावर असताना आणि पुढे नागरिकत्वाचा अर्ज करायचा असताना अशी नोंद आपल्या नावावर यायला नको.

कागद हातात आला की पुढची कामं याच क्रमानं करा. आधी आयआरएसच्या (फेडरल कर खात्याच्या) साइटवरून ईआयएन, म्हणजे धंद्याचा कर-क्रमांक, घ्या. तो फुकट आहे, ऑनलाइन बहुधा लगेच मिळतो. त्याचेही पैसे मागणाऱ्या साइट भरपूर आहेत, म्हणून पत्ता डॉट जीओव्हीनं संपतो ना, ते बघा. अर्जात कायदेशीर नाव तुमचं आणि ट्रेड नेमच्या रकान्यात 'सोनसळी'. नोकर नसलेल्या एकट्या मालकाला ईआयएन घ्यायची सक्ती नाही, सोशल सिक्युरिटी नंबरावरही धंदा चालतो. पण ती शाळा उद्या डब्ल्यू-9 (पैसे देणाऱ्याला आपलं नाव आणि कर-क्रमांक कळवायचा फॉर्म) मागेल आणि तिच्या हिशेबनीसाकडे आपला सोशल सिक्युरिटी नंबर देण्यापेक्षा ईआयएन दिलेला बरा. डब्ल्यू-9 भरताना पहिल्या ओळीत तुमचं नाव आणि दुसऱ्या ओळीत धंद्याचं. लोक नेमकं उलटं करतात, मग नाव आणि नंबर जुळत नाहीत म्हणून आयआरएसचं पत्र येतं.

मग बँक. प्रमाणित प्रत, लायसन्स आणि ईआयएनचं पत्र घेऊन जा आणि धंद्याचं वेगळं खातं उघडा. शाळेचा चेक त्यात भरता येईल. चेकवरची तारीख मात्र बघा. सहा महिन्यांहून जुना चेक वटवायला बँक बांधील नसते. खातं उघडेपर्यंत थांबायचं नसेल तर शाळेकडून तो तुमच्या स्वतःच्या नावानं बदलून घ्या.

सेल्स टॅक्स परमिटबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण नाव नोंदवण्याइतकंच हे निकडीचं आहे. तयार नऊवारी विकणं टेक्सासमध्ये करपात्र आहे. गिऱ्हाइकानं स्वतःची साडी आणून दिली आणि तुम्ही फक्त शिलाई घेतलीत, तरी ती शिलाई करपात्र धरली जाते, कारण दिलेल्या कापडातून नवी वस्तू तयार होते. परमिट कंपट्रोलरकडून फुकट मिळतं. राज्याचा कर 6.25 टक्के, स्थानिक धरून फ्रिस्कोत 8.25 टक्के. परमिट मिळाल्यावर घाऊक व्यापाऱ्याकडून विक्रीसाठी साड्या घेताना त्याला रीसेल सर्टिफिकेट द्या, म्हणजे खरेदीवर कर भरावा लागणार नाही. एक खड्डा मात्र लक्षात ठेवा. ज्या तिमाहीत एकही साडी विकली गेली नाही, त्या तिमाहीचाही रिपोर्ट भरायचा असतो. उशीर झाला तर कर शून्य असला तरी 50 डॉलर दंड लागतो. गणपती-दिवाळीनंतर मंदी असते आणि जानेवारीचा रिपोर्ट नेमका तेव्हाच राहून जातो.

आयकर वेगळा भरायचा नाही. तुमच्या नेहमीच्या रिटर्नला शेड्यूल सी (धंद्याच्या नफा-तोट्याचा फॉर्म) जोडायचं, त्यात धंद्याच्या नावाचा रकाना असतो. वर्षाचा निव्वळ नफा 400 डॉलर किंवा जास्त झाला की सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सही (स्वतःच्या धंद्यावरचा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कर) येतो, 15.3 टक्के, नफ्याच्या 92.35 टक्क्यांवर. कापड, दोरे, मशीनची दुरुस्ती, स्टॉलचं भाडं यांच्या पावत्या आतापासून ठेवा.

आता मैत्रीण. इथे आम्ही ठाम आहोत: ईएडी हातात येईपर्यंत तिला कामात घेऊ नका. काउंटीच्या फॉर्मवर व्हिसाचा रकाना नाही, म्हणून तिचंही नाव घालून नोंद होऊन जाईल. पण ती नोंद म्हणजे काम करायची परवानगी नव्हे, आणि परवानगीशिवाय काम केल्याचा सार्वजनिक पुरावा मात्र तिच्याच सहीनं तयार होईल. 'पगार नको, नुसती मदत करते' हा मार्गही सुरक्षित नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्यात फुकट केलेलं कामसुद्धा काम धरलं जाऊ शकतं. तिच्या एच-1बी नवऱ्याला कागदोपत्री भागीदार करणं त्याहून वाईट. त्याला कामाची परवानगी आहे ती त्याच्या कंपनीपुरती. नुसते पैसे गुंतवायचे असतील तर तो वेगळा विषय आहे, आणि तो तिनं इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावा. तुमच्या किंवा आमच्या तर्कावर तिनं चालू नये.

तिचं ईएडी आल्यावर दोघींनी मिळून काम केलंत आणि नफा वाटून घेतलात, तर लेखी करार असो-नसो, ती भागीदारी होते. मग 'सोनसळी'ची नवी नोंद भागीदारीच्या नावानं, दोघींच्या तपशिलांसह करावी लागेल, नवा ईआयएन लागेल आणि 1065 हा भागीदारीच्या आयकराचा वेगळा फॉर्म दर वर्षी 15 मार्चच्या आत भरावा लागेल. एकीनं केलेल्या कर्जाला दुसरीही जबाबदार राहील. म्हणून दोघी होणार असाल तर त्या वेळी थेट एलएलसीचा विचार करा. टेक्सासमध्ये ती स्थापन करायला 300 डॉलर लागतात. तुमची आत्ताची नोंद एलएलसीकडे आपोआप जात नाही. जुनी सोडल्याचा कागद काउंटीत द्यायचा, आणि एलएलसीचं स्वतःचं नाव 'सोनसळी' नसेल तर तेव्हा तो मघाचा फॉर्म 503 कामाला येतो.

नाव खरोखर राखायचं असेल तर ट्रेडमार्क. राज्यापुरता हवा असेल तर सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे दर वर्गाला 50 डॉलर, देशभराचा हवा असेल तर फेडरल कार्यालयात दर वर्गाला 350 डॉलरपासून पुढे. तयार कपडे 25व्या वर्गात येतात. धंदा अजून घरातल्या मशीनवर आहे तोवर फेडरल अर्जाची घाई करू नका. पण इतर राज्यांतून ऑर्डरी येऊ लागल्या की लांबणीवरही टाकू नका.

नोंदणीनंतर काही आठवड्यांत सरकारी वाटावीत अशी पाकिटं येतील. 'सर्टिफिकेट ऑफ स्टेटस' घ्या, कामगार कायद्याचं पोस्टर लावा, इतके डॉलर पाठवा, वगैरे. सार्वजनिक नोंदींतून पत्ते उचलून खासगी कंपन्या ती पाठवतात, आणि बारीक अक्षरात 'ही सरकारी संस्था नाही' असं कुठेतरी छापलेलं असतं. पैसे पाठवू नका. घर बदललंत किंवा नोंदीतला दुसरा महत्त्वाचा तपशील बदलला, तर मात्र 60 दिवसांत नवा फॉर्म भरा. फ्रिस्कोतल्या फ्रिस्कोत घर बदलून कॉलिनमधून डेंटनमध्ये गेलात, तर तो डेंटनला भरायचा.